गाळणीची कच्ची आवृत्ती

हातिम शाबूनीला व्यसन म्हणावं असं एकच होतं. तो सिगारेट ओढत नसे, पत्ते खेळत नसे, आणि स्फाक्स शहरातल्या त्याच्या वयाच्या इतर पुरुषांसारखा कॅफेत बसून फुटबॉल संघाच्या व्यवस्थापनाला सल्लेही देत नसे. तो फक्त कच्ची पॅकेजं बसवायचा.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या जगात प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज बनून एका कोठारातून येतं. पक्कं कोठार शहाण्या माणसांसाठी. तिथे जे मिळतं ते जुनं, तपासलेलं आणि जरा कंटाळवाणं असतं. त्याच्या शेजारी चाचणीचं कोठार असतं. तिथल्या आवृत्त्या अजून प्रसिद्ध व्हायच्या असतात, त्या कुणाचं काय बिघडवतील हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्या बसवून बघणाऱ्याला कुणी दमडी देत नाही. तरी जगभरातली काही माणसं त्या आपल्या यंत्रावर बसवतात, काय मोडलं ते कळवतात आणि पुढची आवृत्ती आली की पुन्हा तेच करतात. हातिमला ही माणसं फार थोर वाटत. आपणही त्यांच्यातले आहोत हे तो आपणहून सांगत नसे. पण कुणी विचारलं तर लपवतही नसे.

"शिजायच्या आधी पातेल्यात बोट घालायची खोड आहे तुम्हाला, सी हातिम," कार्यालयातली रीम त्याला आदराने 'सी' लावून म्हणायची.

"कुणीतरी घातल्याशिवाय मीठ कमी आहे हे कसं कळणार?"

"बोट भाजतं पण."

"माझंच आहे. भाजू दे."

दोघं एका ध्वनिसंग्रहात कामाला होती. हातिम टेपा दुरुस्त करायचा, रीम संगणक सांभाळायची. वयाने ती त्याच्या निम्मी असेल, पण शिस्तीने त्याच्या आजीएवढी. जुन्या शहरात, बाब जबली वेशीच्या आत, मासेमारीची जाळी विकणाऱ्या सी बशीरच्या दुकानावर संग्रहाच्या खोल्या होत्या. जुलैत खिडक्यांच्या निळ्या झडपा सकाळपासूनच बंद कराव्या लागत, त्यामुळे आत दिवसाही ट्यूबलाइट लागायची. छताचा पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा कुरकुरायचा. खाली सी बशीर जाळ्यांच्या कडेला शिशाच्या गोळ्या ठोकायचा, ती ठकठक जमिनीतून तळपायांना लागायची. उन्हाळी वेळापत्रकाप्रमाणे दुपारी सगळं बंद. शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवायचा हा रीमचा नियम होता. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा तिला उघड्या नळासारखा दिसायचा.

संग्रहाचा खरा ऐवज म्हणजे केरकेन्ना बेटांवरच्या टेपा. समुद्रात खजुराच्या फांद्यांची कुंपणं रोवून मासे धरणाऱ्यांची गाणी, लग्नातली गाणी, बायकांची जात्यावरची गाणी. या टेपा हातिमच्या वडिलांनी, तय्यब शाबूनींनी, खांद्यावर यंत्र घेऊन बेटभर हिंडून केल्या होत्या. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक गळ्याचा आवाज त्यांनी टिपला. स्वतःचा टिपला नाही. यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाने बोलायचं नसतं असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी घरीही पाळलं.

उरला होता फक्त एक खोकला. तय्यबना सिगारेटीचा खोकला होता. तो गाण्याच्या मध्येच येऊ नये म्हणून यंत्र सुरू केल्या केल्या ते एकदा मनसोक्त खोकून घेत. मग शांतता, मग गाणं. प्रत्येक टेपच्या तोंडाशी तो खोकला होता. ते गेले त्यानंतर त्यांच्या आवाजाचं जगात एवढंच शिल्लक राहिलं.

हातिमची आई, मन्नूबिया, दर गुरुवारी बाजार करून जिना चढून यायची. पिशवी टेबलाखाली सरकवायची आणि म्हणायची, "ती जात्यावरची म्हातारी लाव रे." हेडफोन कानाला लावून डोळे मिटायची. खोकला व्हायचा. म्हातारीने पहिला सूर लावला की ही हेडफोन काढून ठेवायची. "गाते छान बाई," असं म्हणून पिशवी उचलायची आणि निघायची. ते गाणं तिने कधीच ऐकलेलं नाही हे हातिमला माहीत होतं, रीमला माहीत होतं, बहुधा सी बशीरलाही माहीत असावं. कुणी बोलत नसे.

या टेपांवर खरखर फार होती. ती काढणारं एक पॅकेज होतं. त्याचं खरं नाव उच्चारायला अशक्य होतं, म्हणून कार्यालयात त्याला गाळणी म्हणत. गाळणीची पक्की आवृत्ती खरखर काढायची, पण तिच्याबरोबर गळ्यातला निम्मा जीवही काढून न्यायची. गाळलेली म्हातारी हमामात बसून गातेय असं वाटायचं. तेव्हा चाचणीच्या कोठारात गाळणीची नवी आवृत्ती आल्याचं दिसल्यावर हातिमने काय केलं हे वेगळं सांगायला नको. असली पॅकेजं बसवायला संग्रहात एक वेगळं, मोडलं तरी चालेल असं यंत्र ठेवलेलं होतं. ते चालू व्हायला वेळ लागतो, म्हणून हातिमने नवी गाळणी रोजच्या यंत्रावर बसवली. या छंदातल्या माणसांच्या हातून होणारी ही एकमेव चूक आहे आणि ती सगळ्यांच्याच हातून होते.

यंत्राने रीतीप्रमाणे विचारलं. एक पॅकेज बदलेल, काहीही काढलं जाणार नाही, पुढे जायचं? हातिमने हो म्हटलं.

जात्यावरची म्हातारी त्याने गाण्यापासून लावली, आणि मग रीमची नजर चुकवून आणलेला हातातला कॉफीचा पेला टेबलावर ठेवायचं विसरून गेला. खरखर कमी झालेली नव्हती. खरखर नव्हतीच. सूर लावायच्या आधी म्हातारीने ओठ ओले केले ते ऐकू येत होतं. तिच्या दातांत फट आहे हे कळत होतं. हातिमने आयुष्यभर अशी साधनं हाताळली होती. त्यांत नेहमी कुठेतरी शिवण दिसते. इथे शिवण नव्हती.

"रीम, इकडे ये जरा."

रीम ऐकत राहिली. तिचा चेहरा तिच्या नकळत मऊ झाला.

"कुणी लिहिलंय हे?"

"टोपणनाव आहे फक्त. नेहमीचाच माणूस, पण हे त्याच्या आधीच्या कामासारखं वाटत नाही."

"पाय धुऊन प्यावेत त्याचे," रीम म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कौतुक हातिमने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने लगेच पॅकेजच्या पानावर अभिप्राय लिहिला. माझ्याकडे चालतं. अप्रतिम. रीमनेही आपलं मत जोडलं. आता आठवडाभर थांबायचं. त्या मुदतीत कुणी ब्र काढला नाही, तर पॅकेज चांगलं आहे असं धरून ते पक्क्या कोठारात जातं आणि तिथून आपोआप सगळ्यांच्या यंत्रांवर.

"गप्प बसलं म्हणजे हो," रीम म्हणाली. "माझ्या आजीचं लग्न असंच लागलं. काझींनी विचारलं, ती लाजून गप्प राहिली. पुढे म्हणायची, लाजले कुठली, घशात बदाम अडकला होता."

पुढच्या दिवसांत हातिमने एकामागून एक सगळ्या टेपा गाळल्या. गाळणीला काही सांगावं लागत नव्हतं. गाणं कुठलं आणि गाळ कुठला हे तिला समजत होतं. एका टेपवर मागे शेळी ओरडायची, ती गेली. एकीवर वारा होता, तो गेला. किनाऱ्यावरच्या टेपांतून समुद्र गेला. तो इतका स्वच्छ गेला की कोळी कुठेही उभे नसल्यासारखे, नुसते गात होते. हातिमला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पण समुद्र हा गाण्याचा भाग नव्हता, हे गाळणीचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

बुधवारी त्याने आईसाठी म्हातारीची टेप सुरुवातीपासून लावली.

खोकला नव्हता.

यात काळजीचं काही नव्हतं. खोकला म्हणजे गाळच. ही गाळलेली प्रत, मूळ फाइल सुरक्षित होती. त्याने मूळ फाइल लावली. तिथेही नव्हता. मग त्याने कपाटातून टेपचं रीळ काढलं, जुन्या यंत्रावर चढवलं आणि आवाजाची पातळी दाखवणारी सुई बघत बसला. खरखर सुरू झाली, नेहमीचीच, आणि मध्येच थांबली. खोकल्याएवढा वेळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली आणि म्हातारी गाऊ लागली.

हातिमने रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. टेपवर शांतता अशी गोष्ट नसते. कोऱ्या टेपलासुद्धा खरखर असते. वडिलांनी त्याला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट हीच. पुसलेल्या टेपला तर जास्तच असते. इथे मात्र सुई पार तळाला जाऊन टेकली होती.

त्याने दुसरं रीळ काढलं, मग तिसरं. प्रत्येकाच्या तोंडाशी तेवढीच जागा रिकामी होती, आणि कडा अगदी नितळ होत्या. नाइलाजाने त्याच्या मनात आलं, काम सुरेख आहे.

"रीम, या कपाटाला कुणी हात लावला होता?"

"किल्ली तुमच्या गळ्यात आहे, सी हातिम." तिने हेडफोन सरकवला. "आणि पंख्याला तेल घातलंत ते बरं केलंत. डोकं उठवलं होतं त्याने."

हातिमने वर बघितलं. पंखा फिरत होता. त्याने तेल घातलेलं नव्हतं.

त्याने गाळणी काढून टाकली. चाचणीच्या कोठाराचं नाव यंत्रातून पुसलं, जुनी पक्की आवृत्ती परत बसवली, यंत्र बंद करून चालू केलं. असं केल्यावर सगळं पूर्ववत होतं. या धंद्यातली ती सगळ्यात मोठी सोय आहे. मग तो जिन्यावर येऊन उभा राहिला. खाली सी बशीर मांडीवर जाळं घेऊन बसला होता. हातोडी वर जात होती आणि शिशाच्या गोळीवर पडत होती.

ऐकू काहीच येत नव्हतं.

"सी बशीर," हातिमने वरून विचारलं, "हातोडी बदललीत का?"

"का रे? तीच आहे, बापाची." सी बशीरने ती उलटसुलट करून बघितली. "पण आज हात हलका चालतोय. बायको म्हणते, दुकानात बसलास की तुझी ठकठक माझ्या डोक्यात बसते. अशाने तिचं डोकं तरी दुखायचं थांबेल."

हातिमने वर येऊन आक्षेप लिहायला घेतला. आक्षेप लिहिण्याची रीत असते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पहिलं सोपं होतं. दुसऱ्यापाशी तो अडला. खरखर जायला हवी होती, आणि गेली होती. तिसऱ्यात त्याने लिहिलं, की हे पॅकेज मूळ ध्वनीही काढतं, टेपवरचाही, आणि इतर ठिकाणचाही. कृपया ते पुढे जाऊ देऊ नये. 'इतर ठिकाणचाही' हे शब्द त्याने दोनदा खोडले आणि परत लिहिले.

गाळणी सांभाळणाऱ्याचं उत्तर तासाभरात आलं. फार सौजन्याचं होतं. तुमच्यासारख्या जुन्या परीक्षकाने लक्ष घातलं याचा आनंद वाटतो, असं म्हणून त्याने विचारलं होतं: जो ध्वनी चुकून काढला गेला, त्याचा नमुना पाठवाल का? तो असल्याशिवाय दोष शोधता येणार नाही. नमुना नसेल तर नाइलाजाने आक्षेप मिटवावा लागेल.

सांभाळणाऱ्याच्या जागी असता तर हातिमनेही हेच विचारलं असतं.

नमुना. मग त्याला सुचलं, आणि सुचल्याबरोबर थोडी लाजही वाटली. त्याचा खोकला बापासारखा होता. आईच म्हणायची, बाजूच्या खोलीत तू खोकलास की मी अजून चहाचं आधण ठेवायला उठते. सिगारेट न ओढता मिळालेला वारसा होता तो. नमुना म्हणून तो चालला असता. आणि उद्या गुरुवार होता.

त्याने मायक्रोफोन लावला आणि खोकला. पडद्यावरची आवाजाची पट्टी उडाली, हिरवी, मग पिवळी. ध्वनी नोंदला गेला होता. त्याने तो तुकडा कापून म्हातारीच्या गाण्याआधी जोडला, अगदी त्या रिकाम्या जागेच्या मापाचा. ऐकून बघितला. फरक त्याला स्वतःलाही सांगता आला नसता. त्याने एक प्रत सांभाळणाऱ्याला पाठवली आणि जरा बऱ्या मनाने घरी गेला.

गुरुवारी मन्नूबिया आली. पिशवीतल्या डब्यात निवडुंगाची सोललेली बोंडं होती. तिने ती रीमपुढे ठेवली.

"खा पोरी. वाळलीयेस. हा माणूस तुला पाणी तरी पिऊ देतो का?"

"पाणी यंत्रांजवळ आणायला मीच बंदी केलीय, लल्ला मन्नूबिया," रीम आदराने म्हणाली.

"मग दोघं एकमेकांना शोभता." ती खुर्चीत बसली. "लाव रे, ती जात्यावरची म्हातारी."

हातिमने लावली. आईने डोळे मिटले. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. पडद्यावर आवाजाची पट्टी होती. जिथे त्याचा खोकला जोडलेला होता तिथे पट्टी तळाला टेकली, आणि वर आली ती म्हातारीच्या सुराबरोबर.

आईने हेडफोन काढले नाहीत.

ती गाणं ऐकत राहिली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिचा पाय हळूच ठेक्यावर हलायला लागला. गाणं संपेपर्यंत ती बसून राहिली, मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. चेहरा प्रसन्न होता.

"काय गाते रे," ती म्हणाली. "काय गळा आहे. आणि मी मेली इतकी वर्षं येते, एकदा पुरतं ऐकलं नाही."

"उम्मी," हातिम म्हणाला, "सुरुवातीला काही राहून गेलं का? गाण्याच्या आधी?"

"आधी काय असतं?"

"खोकला. बाबांचा."

मन्नूबियाने आठवून बघितलं. मनापासून बघितलं, कपाळाला आठी घालून.

"तुझे बाबा कुठे खोकायचे?" ती म्हणाली. "शांत माणूस. आवाज म्हणून कधी ऐकला नाही त्यांचा." मग ती हेडफोनकडे बघत राहिली. "मग मी यायचे तरी कशाला, दर गुरुवारी?"

उत्तराची वाट न बघता तिने बोंडांचा डबा रिकामा करून घेतला.

हातिम यंत्राकडे वळला. गाळणीच्या पानावर त्याने पाठवलेल्या नमुन्याखाली उत्तर होतं. मिळालेल्या फाइलमध्ये काही ऐकू आलं नाही. आक्षेप मिटवला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. मुदत आज संपत होती. दोन अनुकूल मतं, एक त्याचं, एक रीमचं. आक्षेप नाही.

त्याने नवा आक्षेप लिहायला घेतला. या वेळी रीतभात सोडून. थांबवा, त्याने लिहिलं, आणि पाठवलं. पान ताजं होऊन पुन्हा दिसलं.

आक्षेप नाही.

त्याने खाकरून घसा साफ केला. छातीत हिसका बसला, टेबलावरची धूळ उडाली.

मायक्रोफोन अजून चालूच होता, पण पडद्यावरची पट्टी हलली नाही.

"रीम," तो म्हणाला.

रीम बोंड खात पडद्याकडे बघत होती. "गेलं," ती समाधानाने म्हणाली. "पक्क्या कोठारात गेलं, लल्ला मन्नूबिया. आता सगळ्यांना मिळेल."

"काय ते?"

"तुम्ही ऐकलंत ना, ते. तसंच सगळं ऐकू येईल सगळ्यांना. स्वच्छ."

"देव भलं करो करणाऱ्याचं," मन्नूबिया म्हणाली. तिने पिशवी उचलली.

"उम्मी," हातिम म्हणाला. तो उठला. त्याची खुर्ची मागे सरकली. "उम्मी, थांब."

आई दारापाशी थांबली, पण रीमशी बोलायला. "येत्या गुरुवारी येईन. आता नुसतं गाणं ऐकायला येईन."

"या ना. चला, मीही निघतेच आहे. वेळ झाली."

रीमने यंत्रं एकेक करून बंद केली. हातिम तिच्यासमोर उभा होता, हात पुढे करून, तोंड उघडून. ती त्याच्या बाजूने वळसा घालून गेली, वाटेत खुर्ची असली की घालतात तसा. तिने मागे सरकलेली खुर्ची टेबलाला लावली. दारात क्षणभर उभी राहून खोलीकडे बघितलं.

"किती शांत झालंय इथे," ती म्हणाली. "काम करायला बरं वाटतं."

मग तिने दिवा मालवला.